माळ्यावर सापडलेली भोकांची गड्डी: यंत्र आधी की गरज आधी?

धोटा_पूर्वभाग

मंडळी, दिवाळीच्या आधी माळा आवरायला घेतला. सोलापुरात अशोक चौकाच्या मागे आमचं जुनं घर, खाली चार माग आणि वर आम्ही. माग भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली, पण माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत नानांची (आमच्या तेलुगू घरात वडिलांना नानाच म्हणतात) जेकार्डची (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची) कार्डं निघाली. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या, भोकं पाडलेल्या, दोऱ्याने एकमेकींना शिवलेल्या. उंदरांनी दोन कोपरे खाल्लेत, बाकी माल शाबूत.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक कार्ड म्हणजे बाण्याचा (आडवा) एक धागा. कार्ड सुयांवर येऊन दाबलं जातं. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हुक सुरीवर अडकून राहतो आणि ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हुक सुटतो, धागा खालीच राहतो. मग बाण्याचा धागा घेऊन धोटा जातो. पुढचं कार्ड. चादरीवरचा मोर हा असा एकेका ओळीने वर चढत जातो.

पुतणी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. तिने गड्डी हातात घेतली आणि म्हणाली, "काका, हा प्रोग्रॅम आहे." मी म्हटलं, "हा मोर आहे."

दोघंही बरोबर, असं नंतर कळलं. फ्रान्समधल्या लिआँ गावच्या जोसेफ मारी जाकारने हे यंत्र १८०४ च्या सुमारास बसवलं. जाकारचंच एक रेशमी चित्र सुमारे २४,००० कार्डं लावून विणलं होतं आणि ते चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या घरी टांगलं होतं. बॅबेजने गणित करणाऱ्या यंत्राला हुकूम द्यायची पद्धत या मागावरूनच उचलली. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने त्या यंत्राबद्दल लिहिलं की जेकार्डचा माग फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. पुढे हॉलरिथने अमेरिकेची १८९० ची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली.

आता प्रश्न. पुतणीला कॉलेजात निबंध द्यायचाय, 'तंत्रज्ञानाने समाज कसा बदलला'. मला हा मथळाच अर्धवट वाटतो. जॉन केने दोरी ओढून पळणारा धोटा १७३३ मध्ये काढला. आमच्या सोलापुरात तो सर्रास झाला विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत. पावणेदोनशे वर्षं तो काय स्टेशनवर गाडीची वाट बघत बसला होता? यंत्र आलं म्हणून माणसं बदलली, की माणसांचं काही बदललं म्हणून यंत्र आत आलं? तुम्हाला काय वाटतं लिहा. तिला उपयोग होईल, मला टाइमपास.

---

निवृत्त_जॉबर

गाडीची वाट बघत होता म्हणालात ते गमतीने, पण तसंच आहे बगा. सोलापूरला रेल्वे आली १८६० मध्ये. पुढच्या दोन दशकांत 'जुनी गिरणी' म्हणतात ती कापडगिरणी उभी राहिली. लोकांना वाटतं गिरणी आली नि हातमाग मेला. अहो, गिरण्यांनी आधी सूत काढलं. ते सूत घेतलं कोणी? हातमागवाल्यांनीच! चरख्याचं सूत कुठे जाड, कुठे बारीक. धोट्याला झटका दिला की तटकन तुटणार. गिरणीचं सूत एकसारखं. हे माझं मत आहे, पुस्तकातलं नाही, पण तुटकं सूत जोडण्यात ज्याची बोटं गेलीत त्याला विचारा. गिरणी इथे हातमागाची सावत्र आई झाली. पोसलंही तिनेच, मारलंही तिनेच.

दुसरं, गिरणीचा भोंगा. तरण्या पोरांना तो माहीत नाही. पहिला भोंगा उठायला, दुसरा निघायला, तिसऱ्याला दरवाजा बंद. घरात घड्याळ नव्हतं, पण आई भोंग्यावर चूल पेटवायची. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली. मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ती ३९ मिनिटं पुढे. तिथल्या एका गिरणीतल्या कामगारांनी त्याच जानेवारीत यावरून दंगा केला. शहाण्यांनी त्यांना अडाणी ठरवलं. पण उजाडायच्या आत हजेरी लागणार होती, ती त्यांची! मुंबई शहराने जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

सोलापूरचा हिशोब मी काढलाय. ८२.५ रेखांशावर देशाचं घड्याळ, आपण ७५.९ वर. अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या साधारण २६ मिनिटं मागे. चाळीस वर्षं रोज ती २६ मिनिटं मी गिरणीला फुकट दिली असं बायकोला सांगतो. ती म्हणते, संध्याकाळी तेवढीच लवकर सुटत होता की ओ.

---

वाफाळ

उत्तम धागा, वाचनखूण साठवली.

एक भर. शाळेत शिकवतात की आधी विज्ञान, मग तंत्रज्ञान, मग समाजाला फायदा. वाफेच्या इंजिनाने हा क्रम उलटा करून दाखवलाय. न्यूकमेनचं इंजिन १७१२ चं, कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसायला. वॉटने वेगळ्या कंडेन्सरचं (वाफ थंड करणाऱ्या भांड्याचं) पेटंट घेतलं १७६९ मध्ये. आणि उष्णतेतून जास्तीत जास्त काम किती मिळू शकतं हा प्रश्न कार्नोने नीट मांडला १८२४ मध्ये, म्हणजे शंभर वर्षं इंजिनं चालून झाल्यावर. खाणमालकाला कोळसा स्वस्त होता, म्हणून तो उधळ्या इंजिनावर खूश होता.

रंगात मात्र उलट झालं. पर्किन १८५६ मध्ये प्रयोगशाळेत क्विनाइन करायला गेला आणि जांभळा रंग हाती लागला. १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीचा बाजार बसला. ज्या निळीसाठी बंगालात १८५९ मध्ये शेतकरी उठले होते, ती पुढे कुणाला नकोशीच झाली. तरी चंपारणमध्ये १९१७ पर्यंत कुळांच्या मानेवर निळीच्या सक्तीचं जोखड होतंच. रसायन बदललं तरी करार बदलत नाही. तो वेगळा मोडावा लागतो.

---

सुपातली

सगळे यंत्र का आलं यावर बोलतायत. मी यंत्र का आलं नाही ते सांगते.

माझी आई विडी वळते. मीही बारावीपर्यंत वळली. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळायची. सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पान तळहातावर, चिमूट भरायची, गुंडाळायची, दोऱ्याचे दोन वेढे, तोंड दुमडायचं. बोलता बोलता होतं, टीव्ही बघता बघता होतं. हजारावर मजुरी. कारखान्यात नेऊन दिली की छाट काढतात, म्हणजे नापास विड्या. छाटीचे पैसे नाहीत, पण विड्या परतही नाहीत.

आता सांगा, सिगारेटचं यंत्र जगात दीडशे वर्षांपासून आहे. विडीचं करता आलं नसतं? करता येतं. पण सरकारने यंत्राच्या विडीवर कर जास्त ठेवला, हातच्या विडीवर कमी, कारण लाखो बायकांचं पोट. आणि मालकाला तरी यंत्र कशाला हवंय? जागा आमची, वीज आमची, सूप आमचं, कात्री आमची, पाठदुखी आमची. इतकं स्वस्त यंत्र कुठल्या इंजिनिअरने बनवलं असतं? १९६६ चा विडी कामगार कायदा झाला, संघटना झाल्या, मोर्चे निघाले, म्हणून ओळखकार्ड आणि प्रॉव्हिडंट फंड तरी मिळाला.

धोटादादा, तुमच्या पुतणीला सांगा, कांड्या (धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या) कोण भरत होतं तेही लिही. माग नानांचा, कांड्या आजीच्या. कारखान्याच्या मोजणीत आजी कुठेच नसते.

---

धोटा_पूर्वभाग

ताई, दंडवत. कांड्या आईच भरायची. मी लिहिलंच नाही, आठवलंच नाही म्हणा. ट्रंकेत तिचा हातरहाटसुद्धा होता, तो मी 'बाकी सामान' म्हणून बाजूला ठेवला होता.

---

बार्शी_लाईट

थोडं अवांतर, पण जिल्ह्यातलंच आहे.

आमच्या बार्शीची छोटी रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. अडीच फूट रुंदीचा रूळ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली. त्याचा हिशोब असा की प्रत्येक चाकजोडीवर ठरावीक वजनच पडायचं, मग हलक्या रुळावरूनही भरपूर माल जातो. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. आमचे आजोबा म्हणायचे, चढाला गाडी लागली की उतरून लघवी करून परत चढता येतं. खरं-खोटं पांडुरंगाला ठाऊक.

खरी गोष्ट पुढे आहे. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स (हो, रोल्स-रॉइसमधला) विमान कोसळून मेला. त्यानंतर कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला. पहिल्या महायुद्धात त्याचं पॅराशूट तयार होतं, चाचण्या झाल्या होत्या. तरी ब्रिटिश वैमानिकांना लढाईत ते नेहमीच्या वापराला दिलं नाही. जड आहे, जागा नाही अशी कारणं होती, आणि उडी मारायची सोय असली तर वैमानिक लढणं सोडून देईल अशी शंकाही होती. फुग्यात बसून टेहळणी करणाऱ्यांना मात्र पॅराशूट मिळत होतं!

धोटासाहेब, तुमचा धोटा पावणेदोनशे वर्षं थांबला. हे पॅराशूट थांबलं ते साहेबाच्या मनातल्या संशयापायी.

---

पेठेतला_पोरगा

सगळे एकाच सुरात गाताय म्हणून विरोधी पक्षात बसतो.

समाज यंत्राला आत घेतो हे मान्य. पण आत आल्यावर यंत्र मालकाचं ऐकत नाही. गिरण्या नफ्यासाठी काढल्या. त्यासाठी हजारो माणसं एका भोंग्याखाली गोळा केली. तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू, सगळी एका खात्यात. मे १९३० मध्ये गांधींना अटक झाली तेव्हा हीच माणसं एका हाकेत रस्त्यावर आली. गोळीबार झाला, पोलीस शहर सोडून गेले आणि ९ ते ११ मे सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. मग मार्शल लॉ. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा पुतळ्यापाशी रोज रिक्षाची वाट बघता, हे पण आठवा. गिरणी काढणाऱ्याच्या हिशोबात हे कुठे होतं?

लुडाईटांबद्दलही लोक चुकीचं बोलतात. १८११ पासून ज्यांनी इंग्लंडात माग फोडले त्यांना यंत्राचा राग नव्हता. ते यंत्रावरच काम करत होते. हलका माल काढून मजुरी पाडणाऱ्या मालकांचेच माग ते निवडून फोडत होते. सरकारने १८१२ मध्ये माग फोडण्याला फाशीची शिक्षा लावली. पुठ्ठा फाडला तर दंड ठीक, लाकडी चौकट फोडली तर माणूस लटकवायचा?

---

तारेपलीकडचा

गेली पाच-सहा वर्षं नुसता वाचक आहे, आज लिहितो.

सोलापूरच्या सेटलमेंटबद्दल, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना ठेवायच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीबद्दल, इथे कुणी बोललं नाही. माझे पणजोबा तारेच्या आत जन्मले. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. त्यामागे तेव्हाचं 'शास्त्र' होतं: जसा सुताराचा पोरगा सुतार, तसा चोराचा पोरगा चोर. म्हणजे जातीचा विचार इथला, वंशाचं शास्त्र तिकडचं, दोन्ही मिळून कायदा. त्याला विज्ञान म्हणायचं की नाही ते शिकलेल्यांनी ठरवावं. पण तेव्हा ते विज्ञान म्हणूनच चाललं.

आता तंत्रज्ञान. बोटांचे ठसे. १८५८ मध्ये बंगालात विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने एका कंत्राटावर सहीऐवजी हाताचा पंजा उमटवून घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. ठशांची वर्गवारी लावण्याचं गणिती काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी केलं, पद्धतीला नाव लागलं हेन्री साहेबाचं. लंडनच्या पोलिसांनी ती १९०१ मध्ये घेतली. आणि १९११ च्या सुधारित कायद्याने आमच्या लोकांचे ठसे घेण्याची तरतूद झाली, गुन्हा केला असो वा नसो.

सेटलमेंटमधली माणसं गिरणीत कामाला जायची. हजेरी गिरणीत, हजेरी तारेपाशी. गिरणीला माणसं हवी होती आणि ही पळून जाऊ शकत नव्हती. वर 'सुधारणा' म्हणून कौतुक. वर पेठेतल्या भावाने लिहिलं की सगळी एका भोंग्याखाली आली. आली, पण सुटल्यावर सगळी घरी गेली नाहीत.

कायदा रद्द झाला ऑगस्ट १९५२ मध्ये. म्हणून आमच्यात ३१ ऑगस्टला मुक्तिदिन करतात.

---

सुपातली

दादा, तुमचं वाचून हात थांबला.

माझ्या आईचा अंगठा रेशनच्या मशीनवर लागत नाही. चाळीस वर्षं पान वळून बोटांच्या रेषा गेल्यात. दुकानात चार वेळा अंगठा पुसायला लावतात, पदराला, कपाळाला (कपाळाचं तेल लागलं की उमटतो म्हणतात). मग दुसरं बोट, मग तिसरं. मागे रांग चुकचुकते. गेल्या महिन्यात परत पाठवलं, "उद्या या, नेट पण स्लो आहे." तुमच्या पणजोबांचा ठसा नको असताना घेतला, आमच्या आईचा ती द्यायला गेली तर घेत नाहीत.

---

उजनी_मायनस

धाग्यावर भांडण पेटायच्या आत एक पिंक टाकतो. जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं यंत्र उजनी आहे. १९८० चं धरण, ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे तळाचा; पाणी त्याच्याखाली गेलं की 'मायनस'. बांधलं दुष्काळासाठी, प्यायला ऊस! इंजिनिअरने कालवा काढला, पण त्यात कुठलं पीक उभं राहणार ते साखर कारखान्याने आणि हमीच्या भावाने ठरवलं. उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' ही बातमी आपण क्रिकेटच्या स्कोअरसारखी वाचतो. वेगळा धागा काढतो, इथे भांडू नका.

---

धोटा_पूर्वभाग

पेठेतल्या, तुझा मुद्दा मान्य, पण अर्धाच. आमच्या घरचंच सांगतो.

खालच्या मजल्यावर चार माग. भिंतीपलीकडे काकांचे चार. त्यांच्या पलीकडे मावसकाकांचे चार. शेड एकच होती, मधल्या भिंती नंतर घातल्या. लहानपणी वाटायचं भावाभावांचं पटत नसेल. भिंत कायद्याने घातली होती. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा माणसं झाली की कारखाना धरायचे, मग सुट्ट्या, ओव्हरटाइम, इन्स्पेक्टर, सगळं यायचं. म्हणून प्रत्येक भिंतीआड दहाच्या आत. कागदावर तीन धंदे, हिशोबाची वही एक.

वरून सरकारने गिरण्यांना नवे माग वाढवायला मनाई केली, हातमाग वाचावा म्हणून. हातमाग तितका वाचला नाही, मधल्या फटीत यंत्रमाग घुसला. मुंबईच्या १९८२ च्या संपानंतर तर गिरण्यांचं कापड आमच्यासारख्यांच्या शेडमध्ये विणलं जाऊ लागलं. १९८५ मध्ये हातमागासाठी काही कापडं राखून ठेवणारा कायदा झाला, तोही अंमलबजावणीत कोर्टकज्ज्यांत अडकला. म्हणजे यंत्र कुठलं, किती मोठं, कुठल्या भिंतीत, हे इंजिनिअरपेक्षा कायद्याच्या कलमांनी जास्त ठरवलं. आणि कामगार? आमच्याकडे बारा-बारा तास उभे राहणारे लोक होते. आम्ही मालक म्हणून काही फार भले नव्हतो. हे लिहिताना बरं वाटत नाही.

आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलंय. कार्ड नाही, पेनड्राइव्ह. चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, तरी बाहेरची नक्कल 'सोलापुरी' म्हणून रस्त्यावर विकली जाते. नक्कल काढणाऱ्याला मोराची फाइल एका मिनिटात मिळते. नानांच्या वेळी मोर चोरायचा तर अख्खी गड्डी खांद्यावर टाकून पळावं लागलं असतं.

हो, सांगायचं राहिलं. पुतणीने कार्डांचे फोटो काढून मोर संगणकावर उभा केला. मोजली तर ११५२ कार्डं भरली, एक कमी आहे असं तिचं म्हणणं. मोराच्या मानेत एक ओळ उडी मारते. आणि एका कार्डावर तिला चिकटवलेला कागद सापडला. चुकून पडलेलं भोक नानांनी कागदाने बुजवलं होतं, पिवळ्या खळीने. ती नाचायलाच लागली. म्हणे पूर्वी संगणकवालेही चुकीचं भोक असाच तुकडा चिकटवून बुजवायचे, म्हणून दुरुस्तीला आजही पॅच म्हणतात. नाना सहावी शिकलेले.

---

निवृत्त_जॉबर

कार्ड कमी नसेल ओ. गड्डी शिवताना शेवटचं कार्ड पहिल्याला जोडतात, तिथे एक दुबार घालायची काही कारागिरांना सवय होती. तिला सांगा पहिलं आणि शेवटचं शेजारी ठेवून बघ. सारखी असली तर मोजणी तिची चुकली, मोर नाही.

आणि उडी म्हणाल तर मानेतच का, ते बघावं लागेल. रविवारी घेऊन या. दाजी पेठेत एकाकडे जुना लाकडी माग अजून उभा आहे, चालत नाही पण कार्ड चढतं. येताना आईचा रहाट पण आणा, सुपातली ताईंना बघायचा असेल.

---

सुपातली

रविवारी रेशन दुकान उघडं असतं का कुणाला माहितीय? आधी तिथे जाऊन मग येते.